बारमाही बर्फाचं गाव

२५ जुलै २०२२ च्या रात्री स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने पायर्नच्या केंद्रातून रोजच्याप्रमाणे एक फुगा आकाशात सोडला. वर जाताना हवेचं तापमान कोणत्या उंचीवर शून्य अंशाला टेकतं, हे अशा फुग्यांवरून कळतं. त्या रात्री ती उंची निघाली ५१८४ मीटर. तिथल्या मोजणीच्या इतिहासात शून्याची रेषा इतकी वर कधी गेली नव्हती. आधीचा उच्चांक १९९५ सालचा, ५११७ मीटरचा. आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर माँ ब्लां सुमारे ४८०० मीटरचं. म्हणजे त्या रात्री आल्प्सच्या माथ्यावरची हवासुद्धा गोठणबिंदूच्या वर होती. पुढच्या चारच दिवसांत झेरमाट या गावाने आपले उन्हाळी स्कीचे उतार तात्पुरते बंद केले.

ही बातमी स्वित्झर्लंडबाहेर फारशी गाजली नाही. पण झेरमाटची ओळखच वर्षाचे ३६५ दिवस स्की करता येणारं गाव अशी आहे. १९८० च्या आसपास आल्प्समध्ये उन्हाळी स्कीइंगची ठिकाणं डझनांनी मोजावी लागत. फ्रान्समधलं तीन्य हे त्यांतलं मोठं नाव होतं. हिमनद्या आटत गेल्या तशी ही ठिकाणं एकामागून एक आखडली. वर्षभर स्कीइंग चालवण्याचा दावा करणारी ठिकाणं आज आल्प्समध्ये दोनच उरली आहेत : ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स आणि स्वित्झर्लंडमधलं झेरमाट. बारमाही बर्फ म्हणजे नेमकं काय, तो कुठून येतो, कसा टिकतो आणि किती दिवस टिकेल, हे पाहायला मी एका उन्हाळ्यात झेरमाटला गेले.

फिस्प या गावी मोठी गाडी सोडून अरुंद रुळांच्या लाल गाडीत बसायचं. दरी चिंचोळी होत जाते. काही ठिकाणी चढ इतका आहे की रुळांमधल्या दातेरी पट्टीला धरून गाडी वर सरकते. हा लोहमार्ग १८९१ मध्ये झेरमाटला पोचला. वाटेत रांडा गावाजवळ उजव्या हाताला डोंगराचा एक अख्खा खांदा ढासळलेला दिसतो. १९९१ च्या वसंतात तिथे काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा कडा कोसळला आणि जवळपास तीन कोटी घनमीटर दगड खाली आला. रूळ गाडले गेले आणि झेरमाटचा जगाशी संपर्क तुटला. त्यानंतर टेश येतं. मोटारींची हद्द इथेच संपते, कारण पुढच्या पाच किलोमीटरवरच्या झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना मज्जाव आहे. गावात फिरतात त्या विजेवरच्या पेटीसारख्या छोट्या टॅक्स्या आणि हॉटेलांच्या घोडागाड्या.

गाव सुमारे १६०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक जिथे संपतं, तिथे या गावाचं रेल्वे स्टेशन आहे, आणि डोंगर त्याच्यापुढे सुरू होतो. स्टेशनाबाहेर येऊन थोडं पुढे चाललं की घरांच्या छपरांवर मॅटरहॉर्न दिसतो, ४४७८ मीटरचा, एकटा, चारही बाजू कापून काढल्यासारखा. छायाचित्रांत हजारदा पाहिलेल्या गोष्टी प्रत्यक्षात पुष्कळदा लहान वाटतात. मॅटरहॉर्न तसा वाटत नाही. तो फार मोठा आहे आणि फार जवळ आहे.

जुन्या वस्तीला हिंटरडॉर्फ म्हणतात. तिथे लार्च लाकडाची, उन्हाने काळी पडलेली धान्याची कोठारं आहेत. प्रत्येक कोठार लाकडी खुंटांवर उभं, आणि खुंट व कोठार यांच्यामध्ये चपटा गोल दगड, म्हणजे उंदरांना वर चढता येऊ नये. ज्या गावात आज एका रात्रीच्या खोलीचं भाडं ऐकून आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस गप्प होतो, तिथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मूठभर राई वाचवण्यासाठी एवढी खटपट चालायची. हिवाळा हा तेव्हा गावाचा शत्रू होता. बर्फ पडला की वाट बंद, माणसं आणि जनावरं एका छपराखाली.

पर्यटन आलं ते उन्हाळ्यात आणि डोंगर चढणाऱ्यांच्या मागोमाग. आलेक्सांडर झायलर या माणसाने १८५० च्या दशकात गावातलं एक छोटं विश्रामगृह चालवायला घेतलं. त्याचंच पुढे मोंटे रोझा हॉटेल झालं. १८६५ च्या जुलैमध्ये एडवर्ड व्हिंपर इथूनच निघाला. १४ जुलैला तो आणि त्याचे सहा सोबती मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोचले. तिथवर त्याआधी कोणी गेलेलं नव्हतं. उतरताना डग्लस हॅडो घसरला. त्याच्याबरोबर वाटाड्या मिशेल क्रो, चार्ल्स हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले, दोर तुटला आणि चौघे खाली गेले. व्हिंपर आणि झेरमाटचे टाउगवाल्डर बापलेक एवढे तिघेच वाचले. तो तुटका दोर गावातल्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेला आहे. करंगळीएवढी जाड दोरी. तिच्यासमोर उभं राहिल्यावर बोलावंसं वाटत नाही. या अपघाताने युरोपभर खळबळ उडाली आणि गावाचं नाव घरोघर पोचलं.

तरीही पुढची साठ वर्षं झेरमाट हे उन्हाळ्याचंच गाव राहिलं. थंडीत रेल्वेसुद्धा धावत नसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हिवाळी पाहुणे यायला लागले, ते स्कीसाठी. ज्या बर्फाने गावाला कोंडून ठेवलं होतं, तोच बर्फ गावाला पोसू लागला. हा बदल एका पिढीत घडला. १९७९ मध्ये क्लाइन मॅटरहॉर्नच्या शेंड्यापर्यंत केबल कार गेली आणि वरची थिओडुल हिमनदी स्की करणाऱ्यांच्या टप्प्यात आली. बारमाही स्कीइंगचा झेरमाटचा दावा त्या केबल कारवर आणि त्या हिमनदीवर उभा आहे.

सकाळी लवकर मी पाळण्याच्या स्थानकात पोचले. उन्हाळ्यात स्की लवकर सुरू होते आणि दुपारी आटोपते, कारण ऊन चढलं की बर्फाचा चिखल होतो. माझ्या पुढे-मागे बहुतेक तरणी पोरं, खांद्यावर स्कीच्या दोन-दोन, तीन-तीन जोड्या. उत्तर गोलार्धात स्पर्धा बंद असतात त्या महिन्यांत निरनिराळ्या देशांचे संघ सरावाला इथे येतात. फुर्गपर्यंत, मग ट्रोकनर श्टेगपर्यंत, असे टप्पे घेत आपण वर जातो. झाडं संपतात, गवत संपतं, उरतो फक्त राखाडी दगड. ट्रोकनर श्टेग २९३९ मीटरवर आहे. तिथून शेवटच्या टप्प्याला २०१८ पासून तीन दोरांचा नवा रोपवे आहे, दोन दोर तोलायला आणि एक ओढायला. अठ्ठावीस जणांचे प्रशस्त डबे, आणि साधारण नऊ मिनिटांत आपण सुमारे ३८२० मीटरवर. युरोपात याहून उंचावर केबल कारचं स्थानक नाही. २०२३ च्या जुलैपासून पलीकडे इटलीच्या हद्दीतल्या टेस्टा ग्रिजापर्यंतही दोर ओढला आहे, म्हणून आता पाय जमिनीला न लावता हिमनदीवरून देश ओलांडता येतो.

वर पोचल्यावर जाणवते ती हवा. समुद्रसपाटीच्या मानाने तिथे हवेचा दाब जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी असतो. बोगद्यातून चालताना आपोआपच पावलं मंदावतात. लिफ्टने आणि मग काही पायऱ्यांनी कठड्याच्या सज्जावर गेलं की चारी दिशांना शिखरं : मोंटे रोझाचा प्रचंड पसारा, ब्राइटहॉर्नचा गोल माथा, दूरवर माँ ब्लां. चार हजार मीटरांवरची ३८ शिखरं इथून दिसतात, असं तिथे सांगितलं जातं. मी मोजली नाहीत. खाली थिओडुल हिमनदीचा पांढरा विस्तार आणि त्यावर रंगीत ठिपक्यांसारखी स्की करणारी मुलं, वळणं घेत, एकाच्या रेघेला दुसऱ्याची रेघ छेदत. जुलैमधल्या सकाळी हे दृश्य पाहताना मन खरोखर भरून येतं. डोंगरावर वाढलेल्या माणसाला यापेक्षा मोठी मोकळीक कुठली असेल, असं वाटतं.

सज्जावर चिंचवडचं एक कुटुंब भेटलं. मराठी सहल कंपन्यांच्या युरोप दौऱ्यात टिटलिस नाहीतर युंगफ्राऊ हमखास असतं. टिटलिसवर शाहरुख-काजोलचा पुठ्ठ्याचा पुतळा आणि युंगफ्राऊयोखला भारतीय जेवण, ही मराठी प्रवाशांच्या ओळखीची खूण. झेरमाटला येणारे त्या मानाने कमी, आणि बहुधा स्वतःची सहल स्वतः आखून आलेले. हे कुटुंबही तसंच, मुलगा म्युनिकमध्ये नोकरीला. त्याच्या आईने मूठभर बर्फ उचलला, दाबून पाहिला आणि मला विचारलं, “अहो ताई, हा बर्फ खरा आहे ना? मशीनचा नाही ना?” मुलगा ओशाळला, “आई, काहीतरीच काय!” म्हणाला. मला मात्र तो प्रश्न फार नेमका वाटला. मी त्या काकूंना म्हटलं, तुमच्या मुठीतला बहुधा आभाळातलाच आहे, पण तो इथे टिकलाय तो पुष्कळशा माणसांच्या आणि यंत्रांच्या मेहनतीने. मग आम्ही बोलत बसलो.

हिमनदीचं गणित तसं सोपं आहे. थंडीत पडलेला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळला नाही, तर त्यावर पुढच्या थंडीचा बर्फ पडतो. खालचा दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते, तो आधी दाणेदार होतो आणि पुष्कळ वर्षांनी निळसर, दगडासारखा कठीण होतो. स्वतःच्या वजनाने हा सगळा साठा उताराकडे सरकू लागतो. वरच्या भागात भर पडते, खालच्या भागात घट होते. भर आणि घट समसमान तोवर हिमनदी तब्येत राखून असते. हिवाळ्यात बर्फ कमी पडला किंवा उन्हाळा लांबला, की घट वाढते. वरचा पांढरा थर लवकर गेला तर खालचा काळपट जुना बर्फ उघडा पडतो, तो ऊन अधिक शोषतो आणि घट आणखी वेगाने होते. २०२२ मध्ये हे सगळं एकदमच झालं. हिवाळा कोरडा गेला, मार्चमध्ये सहाराच्या वाळवंटातली धूळ येऊन बर्फावर बसली आणि मेपासूनच उकाडा सुरू झाला.

स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांची पद्धतशीर मोजणी करणारी संस्था ग्लामोस. तिच्या हिशेबानुसार त्या एका वर्षात देशातल्या हिमनद्यांचा सहा टक्के बर्फ गेला. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, आणखी चार टक्के. १९६० ते १९९० या तीस वर्षांत मिळून जितका बर्फ वितळला होता, तितका या दोन उन्हाळ्यांत वितळला. आणि शून्य अंशाच्या रेषेचा तो २०२२ चा विक्रमही फार टिकला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ती ५२९८ मीटरवर गेली. हे आकडे वाचणं वेगळं आणि ट्रोकनर श्टेगच्या आसपास चालत जाऊन पाहणं वेगळं. जिथे हिमनदीची जीभ होती तिथे आता घासून गुळगुळीत झालेला खडक, गढूळ पाण्याची तळी आणि मातीचे ढीग. खडक नुकताच उघडा पडलेला, म्हणून त्याच्यावर शेवाळाचा ठिपकाही नाही.

कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसं इथे उतारांचं काम वर्षभर चालू असतं. स्कीवाले दुपारी उतरले की पिस्टनबुली नावाची पट्ट्यांवर चालणारी अवजड यंत्रं बाहेर निघतात. वाऱ्याने एका जागी साठवलेला बर्फ ढकलत उघड्या जागी न्यायचा, दातेरी रुळाने दाबून सपाट करायचा, भेगांची तोंडं बुजवायची. बर्फावर उभारलेल्या ओढदोरांचे खांबही स्थिर नसतात, कारण त्यांच्याखालची जमीन म्हणजे सरकती हिमनदी. ते वेळोवेळी सरळ करावे लागतात, हलवावे लागतात. रोपवेच्या उपाहारगृहात भेटलेला एक चालक सांगत होता की, त्याच्या तरुणपणी वरच्या उतारावर खडक कुठे आहे हे कोणाला माहीत नव्हतं, कारण तो दिसतच नसे. आता ऑगस्ट आला की नवा खडक कुठे वर येतो यावर त्यांचं रोज लक्ष असतं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपल्या शेताचा बांध वाहून जाताना पाहणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

काही हिमनद्यांवर उन्हाळ्यात पांढरं जाड कापड अंथरतात. ऱ्होन नदी जिथे उगम पावते त्या हिमनदीवरही, तिथल्या हिमगुहेसाठी, ते घातलेलं मी पाहिलं. झाकलेल्या जागी वितळणं निम्म्याहून कमी होतं, हे खरं. पण असं कापड काही एकरांपुरतंच शक्य आहे. सगळ्या हिमनद्या झाकायच्या म्हटलं तर खर्च आणि कचरा दोन्ही आवाक्याबाहेरचे. झेरमाटने २००८ मध्ये इस्रायलमधल्या एका कंपनीचं हिमयंत्र आणलं, त्याची कथा विलक्षण आहे. बर्फ फवारणाऱ्या साध्या तोफांना हवाच थंड लागते. या यंत्रात मात्र निर्वात टाकीत पाणी गोठवतात, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी बर्फ तयार होतो. मूळ तंत्र निघालं ते समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रयत्नांतून, आणि वापरलं गेलं दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणी गार ठेवायला. खाणकामगारांसाठीचं यंत्र आल्प्सवर यावं, यातच काळ किती बदलला ते कळतं.

माणसाने डोंगरावर किती जोर लावावा, हा प्रश्न २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पेटला. झेरमाट आणि पलीकडचं इटलीतलं चेर्विनिया यांनी मिळून विश्वचषक उतारशर्यत भरवायची ठरवली होती : सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये, शेवट इटलीत. एका देशात सुरू होऊन दुसऱ्यात संपणारी विश्वचषक स्पर्धा आधी झालेली नव्हती. २०२२ मध्ये बर्फच पुरेसा नव्हता म्हणून ती रद्द झाली. पुढच्या वर्षी मार्ग तयार करताना उत्खनन यंत्रं थेट हिमनदीवर खोदत असल्याची छायाचित्रं वृत्तपत्रांत आली आणि देशभर संताप उसळला. परवानगी दिलेल्या पट्ट्याबाहेर काम झाल्याचं व्हॅलिस प्रांताच्या अधिकाऱ्यांना आढळलं आणि त्यांनी तिथलं काम थांबवलं. एवढं करून स्पर्धेच्या दिवशी तुफान वारा आणि हिमवर्षाव, म्हणून ती पुन्हा रद्द. त्यानंतर ती वेळापत्रकातूनच गेली. माझ्या मते ते योग्यच झालं. रोजच्या उतारांची डागडुजी करणं समजू शकतं, पण नोव्हेंबरातल्या काही दिवसांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी हजारो वर्षांचा बर्फ फोडणं समजू शकत नाही.

थिओडुल खिंडीतून माणसं फार पूर्वीपासून ये-जा करत आली आहेत. तिथे रोमन काळातली नाणी सापडली आहेत. १९८४ पासून पुढच्या काही वर्षांत वितळत्या बर्फातून साधारण १६०० सालच्या एका प्रवाशाचा सांगाडा, तलवार, कट्यार, पिस्तूल आणि नाणी बाहेर आली. अलीकडच्या गोष्टीही बर्फ परत करतो आहे. २०२३ च्या जुलैमध्ये गिर्यारोहकांना या हिमनदीवर एक बूट दिसला. तपासाअंती तो १९८६ मध्ये बेपत्ता झालेल्या एका जर्मन गिर्यारोहकाचा निघाला. सदतीस वर्षं कोणीतरी वाट पाहत असेल.

आणि देशाची सीमाही हलली. इटली आणि स्वित्झर्लंड यांची हद्द इथे पाणलोटावरून, म्हणजे बर्फाच्या सर्वांत उंच धारेवरून, ठरलेली आहे. १९७३ ते २०१० या काळात थिओडुल हिमनदीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला, धार सरकली. टेस्टा ग्रिजाजवळचं गिर्यारोहकांचं विश्रामगृह १९८४ मध्ये बांधलं तेव्हा पूर्ण इटलीत होतं. नंतर नव्या धारेप्रमाणे त्याचा बराचसा भाग स्वित्झर्लंडमध्ये येऊ लागला. दोन्ही देशांच्या आयोगाने २०२३ मध्ये तडजोडीची रेघ आखली आणि स्वित्झर्लंडने सप्टेंबर २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. दोन शेजाऱ्यांनी हे शांतपणे सोडवलं, याचं मला कौतुक वाटतं. पण नकाशावरची रेघ बदलायला लावण्याइतकं तापमान वाढलं आहे, ही गोष्ट कोणत्याही आलेखापेक्षा जास्त बोलते.

बर्फ डोंगराला बांधूनही ठेवतो. उंचावरच्या खडकांच्या भेगांतला कायम गोठलेला बर्फ चुन्यासारखं काम करतो. तो सुटला की कडे सुटतात. २००३ च्या उष्ण उन्हाळ्यात मॅटरहॉर्नच्या ह्यॉर्नली धारेवर मोठी दरड कोसळली आणि वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. २८ मे २०२५ रोजी याच व्हॅलिस प्रांतातलं ब्लाटन गाव बिर्श हिमनदी आणि तिच्यावर कोसळलेला कडा यांच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं. निरीक्षण यंत्रणेने आधीच इशारा दिला होता, म्हणून सुमारे तीनशे गावकरी नऊ दिवस आधी बाहेर पडले होते; तरीही एकाचा जीव गेला. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या मराठी माणसाला ही बातमी परकी वाटत नाही. तिथली कारणं वेगळी, डोंगर वेगळा. पण मोजणी नीट झाली आणि ती वेळेवर लोकांपर्यंत पोचली, तर गाव गेलं तरी माणसं वाचतात, हे ब्लाटनने दाखवलं. आपल्याकडच्या दरडप्रवण गावांच्या बाबतीत हाच धडा आपण अजून घ्यायचा आहे.

झेरमाटचं पाणी जातं कुठे, हेही मी पाहिलं. गावाच्या वरच्या अंगाला त्समुट इथे एक धरण आहे. तिथून आणि आसपासच्या हिमनद्यांतून पाणी पंपांनी उचलून बोगद्यांवाटे दूर ग्रांद दिक्सांस धरणात नेतात. १९६१ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण २८५ मीटर उंच आहे. निव्वळ स्वतःच्या वजनावर उभ्या असलेल्या धरणांत ते जगात सर्वांत उंच. सुमारे शंभर किलोमीटर बोगदे आणि पस्तीस हिमनद्यांचं पाणी. कोयना आपल्याला पावसाच्या चार महिन्यांत भरून मिळते. ग्रांद दिक्सांस उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फावर भरतं आणि सप्टेंबरअखेर काठोकाठ होतं, मग थंडीत त्यावर तयार होणारी वीज घरं उबदार ठेवते. सध्या हिमनद्या जास्त वितळतात म्हणून पाणीही भरपूर येतं. हा भरपूरपणा साठवलेलं मुद्दल मोडून आलेला आहे. हिमनद्या लहान झाल्या की उन्हाळ्यातला ओघही लहान होणार, आणि ऱ्होन नदीच्या काठाने फ्रान्सपर्यंतच्या शेतीला ते जाणवणार.

गावातल्या लोकांना हे सगळं माहीत आहे. झेरमाटचं एक वैशिष्ट्य असं की मूळ गावकऱ्यांची जुनी संस्था, बुर्गरगेमाइंड, इथली मोठी मालक आहे. हॉटेलं तिची, रोपवे कंपनीत तिचा मोठा वाटा. ज्या झायलरने गावाला हॉटेलं दिली, त्यालाही या संस्थेने वर्षानुवर्षं सभासदत्व नाकारलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, इतकी ती आपल्या हक्कांना जपणारी. पैसा बाहेरच्या कंपनीकडे न जाता बराचसा गावातच राहतो. म्हणून बर्फ गेला तर सोडून जाऊ, असं म्हणण्याची सोयही या लोकांना नाही. १८ जून २०२३ रोजी स्वित्झर्लंडने २०५० पर्यंत हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या कायद्यावर सार्वमत घेतलं. ५९ टक्के मतदारांनी होकार दिला. त्या कायद्याची सुरुवात झाली होती ती हिमनद्यांच्या नावाने सुरू झालेल्या नागरिकांच्या मोहिमेतून.

तरीही बारमाही स्कीइंग चालू ठेवावं का, हा प्रश्न उरतोच. मी तिथे भेटलेल्या पर्यावरणप्रेमी तरुणांचं म्हणणं, उन्हाळ्यात हिमनदीला विश्रांती द्या. रोपवेवाल्यांचं म्हणणं, आम्ही दाबून सपाट केलेला बर्फ मोकळ्या बर्फापेक्षा जास्त टिकतो, आणि हिमनदी वितळते ती आमच्या उतारांमुळे नाही, साऱ्या जगाच्या धुरामुळे. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. मुंबईहून विमानाने झुरिकला गेलेल्या माझ्यासारखीचा वाटाही त्यात आहे. माझं मत असं झालं आहे की जोवर बर्फ आहे आणि सराव करणाऱ्यांना तो हवा आहे, तोवर स्कीइंग चालावं. पण वर्षाचे ३६५ दिवस हा आग्रह झेरमाटने सोडावा. बर्फ कमी पडला त्या वर्षी उतार बंद, असं उघडपणे म्हणण्यात कमीपणा नाही. २०२२ च्या जुलैत त्यांनी तेच केलं आणि गावाचं काही बिघडलं नाही. बोलिव्हियातल्या चाकालताया इथे पाच हजार मीटरांवर, जगातल्या सर्वांत उंच स्की-उतारांपैकी एक होता. तिथली हिमनदी २००९ पर्यंत संपूर्ण नाहीशी झाली. तिथे निर्णय घ्यायला काही उरलंच नाही.

एप्रिल २०२० मधल्या एका रात्री, करोनाच्या टाळेबंदीत, प्रकाश-कलाकार गेरी होफश्टेटर यांनी मॅटरहॉर्नवर प्रकाशाने भारताचा तिरंगा उमटवला होता. त्या संकटात भारतासोबत आहोत, असं सांगण्यासाठी. तो फोटो तेव्हा आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरला. त्या डोंगराशी आपलं एवढं तरी नातं आहे.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने आपल्या सहल कंपन्यांना आणि स्वतःची सहल स्वतः आखणाऱ्यांना माझी विनंती आहे. बर्फाच्या डोंगराला दोन तास देऊन खाली उतरू नका. झेरमाट, टिटलिस, युंगफ्राऊ, कुठेही जा, पण एक रात्र डोंगरातल्या गावात काढा. उंचीची थोडी सवय होते आणि ज्येष्ठांना चक्कर येण्याची शक्यता कमी होते. सकाळच्या पहिल्या पाळण्याने वर जा, बर्फ तेव्हाच घट्ट असतो. काळा चष्मा प्रत्येकाला हवा, लहान मुलांनाही. झेरमाटला गेलात तर १८९८ पासून चालणाऱ्या दातेरी रेल्वेने गॉर्नरग्राटलाही जा आणि आल्प्समधली दुसऱ्या क्रमांकाची गॉर्नर हिमनदी वरून नीट पाहा. तिच्या दोन्ही कडांना उंचावर फिकट खडकाचा पट्टा दिसेल. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बर्फ तिथवर होता. गटाबरोबर असाल तर त्या दिवसापुरता तरी स्थानिक पर्वत-वाटाड्या घ्या आणि त्याला तो पट्टा मुलांना समजावून सांगायला लावा. त्याची फी सहलीच्या एकूण खर्चात फार मोठी नाही.